नेट चालू, तरी काम अडलेले: घरगुती ब्रॉडबँडवरील निर्बंध ओळखण्याचा क्रम

लक्षणे

घरात नेट व्यवस्थित चालते, मोबाइलवर व्हिडिओ न अडखळता दिसतात, परंतु घराबाहेर पडल्यावर घरातला कॅमेरा, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डबा) किंवा संगणक उघडत नाही. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी एका ठरावीक क्रमांकाच्या दारातून (पोर्टमधून) घरातल्या उपकरणाकडे वळवण्याची, नोंद बरोबर भरलेली असते, तरी बाहेरून तपासल्यास पोर्ट बंद दिसतो. गेममध्ये नॅट, म्हणजे अनेक उपकरणांना एकाच पत्त्यावरून नेटवर नेणारी व्यवस्था, ‘स्ट्रिक्ट’ असल्याचा संदेश येतो आणि मित्रांशी थेट जोडणी होत नाही. साधी संकेतस्थळे उघडतानाही आपण यंत्रमानव नसल्याचे वारंवार सिद्ध करावे लागते.

काही घरांत लक्षण वेगळे असते. महिन्याचे पहिले वीस-बावीस दिवस पूर्ण गती मिळते, मग एका सकाळी ती दोन-चार एमबीपीएसवर येऊन थांबते आणि बिलाची तारीख उलटली की आपोआप पूर्ववत होते. कोठे कंपनीचा राऊटर काढून स्वतःचा लावला की नेट येत नाही आणि जुना लावला की लगेच येते. कोठे सोमवारी केलेली सेटिंग बुधवारी सकाळी नाहीशी झालेली असते. आणि क्वचित असेही आढळते की सर्व काही वेगाने चालते, फक्त एखादीच सेवा रडतखडत चालते.

या सर्व तक्रारींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे तार तुटलेली नसते आणि उपकरणही बिघडलेले नसते. सेवादात्याने, म्हणजे आपण ज्याला नेटवाला म्हणतो त्याने, जोडणीच्या वापरावर कोठेतरी मर्यादा घातलेली असते आणि ती मर्यादा ग्राहकाला कोणी समजावून सांगितलेली नसते. नागपुरात घरे आणि लहान दुकाने यांच्यासाठी कॅमेरे व नेटवर्क बसवण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे आणि हा दोष मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता पेचकस हातात घेण्याआधी मी ग्राहकाकडे योजनेच्या अटी मागतो.

इतवारीतील किराण्याच्या एका ठोक दुकानात मला बोलावले होते. गल्ल्यामागच्या फळीवर, हळदीच्या बारीक भुकटीने पिवळट झालेला डीव्हीआर होता आणि त्याच्या कडेला तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तीन पोर्ट क्रमांक लिहिलेल्या चिकटपट्ट्या होत्या. माझ्या आधी तीन जण येऊन गेले होते, याचा तो लेखी पुरावाच होता. दुकानदार म्हणाले, “भाऊ, दोनदा राऊटर बदलला, तरी दुकान काही मोबाइलवर दिसून नाही राहिलं.” मी राऊटरचे स्थितिदर्शक पान उघडले. बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक, १०० या आकड्याने सुरू होत होता आणि पुढचा आकडा ७२ होता. तेवढे पाहिल्यावर (त्याचा अर्थ पुढे येतोच) पुढचे काहीच तपासायचे उरले नाही. दोन्ही राऊटर निर्दोष होते आणि त्यांवर खर्च झालेले पैसे वाया गेले होते. असा खर्च इतर कोणाचा होऊ नये, म्हणून तपासणीचा क्रम येथे सविस्तर देत आहे. आधी फुकटच्या आणि सोप्या गोष्टी येतात, खर्चाच्या आणि अवघड गोष्टी नंतर येतात.

आधी कागद, मग उपकरण

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे सेवादात्याच्या ॲपमध्ये किंवा ग्राहक पानावर जाऊन दोन गोष्टी पाहणे: आपल्या योजनेची मासिक डेटा मर्यादा किती आहे आणि या महिन्यात आजवर किती वापर झाला आहे. ‘अनलिमिटेड’ या शब्दावर विसंबून राहू नये. अनेक घरगुती योजनांत ३३०० जीबीची मर्यादा अटींच्या यादीत लिहिलेली असते आणि ती ओलांडल्यावर गती उतरवली जाते. यालाच न्याय्य वापर धोरण किंवा रोजच्या बोलण्यात ‘एफयूपी’ म्हणतात.

३३०० जीबी संपणे शक्यच नाही, असे ग्राहक मला नेहमी सांगतात, तेव्हा मी त्यांच्यासमोर हिशेब मांडतो. चार कॅमेरे प्रत्येकी दोन एमबीपीएसने चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवत असतील, तर एकूण प्रवाह आठ एमबीपीएसचा, म्हणजे दर सेकंदाला एक मेगाबाइटचा होतो. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणून दिवसाला सुमारे ८६ जीबी आणि तीस दिवसांत जवळपास २६०० जीबी होतात. घरातली दूरदर्शन मालिका, मुलांचे शिकवणीवर्ग आणि गेमचे अपडेट यांच्यासाठी मग सातशे जीबी उरतात, आणि म्हणूनच बावीस-चोवीस तारखेला गती पडते. वापर मोजताना अपलोडही धरले जाते का, हे आपल्या योजनेच्या अटींत वाचावे. धरले जात असेल, तर कॅमेऱ्याचे चित्रण क्लाउडऐवजी डीव्हीआरमध्येच ठेवावे किंवा हालचाल झाल्यावरच पाठवण्याची सोय वापरावी. यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

अशी मर्यादा घालण्यास मनाई नाही, परंतु ती लपवण्यास आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१६ मध्ये निर्देश देऊन सेवादात्यांना सांगितले आहे की मर्यादा किती, मर्यादेच्या आत गती किती आणि मर्यादेनंतर गती किती, हे तिन्ही आकडे योजनेसोबत स्पष्ट दिले पाहिजेत. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान डाउनलोड गती दोन एमबीपीएस असावी लागते, हेही लक्षात ठेवावे. आपल्याला हे आकडे कोठेच सापडले नाहीत, तर तक्रारीचा पहिला मुद्दा तोच होतो.

अटी वाचताना आणखी दोन ओळी शोधाव्यात. जोडणी शेजाऱ्यांना विकण्यास किंवा वाटून देण्यास मनाई असते, आणि घरगुती योजनेवर व्यावसायिक वापर किंवा सर्व्हर चालवण्यास अनेकदा मनाई असते. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंकडून पैसे घेऊन वाय-फाय देणारे घरमालक मानेवाडा, नंदनवन, त्रिमूर्तीनगर या भागांत मला पुष्कळ भेटतात. सेवादात्याने अशी जोडणी तोडली, तर दाद मागायला जागा राहत नाही. लोकांना रीतसर वाय-फाय विकायचे असेल, तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही योजना आहे, जीत छोट्या दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक डेटा कार्यालय चालवता येते.

दोष सेवादात्याचा ठरवण्याआधी घरातली बाजू

गतीची तक्रार असेल, तर एकदा तरी लॅपटॉप तारेने राऊटरला जोडून गती मोजावी. महालातल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंतींतून पाच गिगाहर्ट्झचा संकेत पुढच्या खोलीतही धड पोहोचत नाही, आणि अशा घरात वाय-फायवर मोजलेल्या आकड्यावरून सेवादात्याला दोष देणे अन्यायाचे आहे. तारेकडेही लक्ष द्यावे. तारेत चार जोड्या असतात. त्यातली एक जोडी जरी तुटली किंवा क्लिप नीट दाबली गेली नसली, तरी जोडणी मुकाट्याने शंभर एमबीपीएसवर उतरते, आणि मग तीनशेच्या योजनेवर कायम पंच्याण्णवच्या आसपास गती दिसते. पंच्याण्णवचा आकडा दिसला की मी तार बदलतो आणि दहापैकी बहुतेक वेळा काम तेथेच संपते. योजनेतली गती मेगाबिटमध्ये असते आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते, म्हणून शंभरच्या योजनेवर साडेबारा दिसणे योग्यच आहे.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा गच्चीलगतच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेला ओएनटी, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते तो डबा, दुपारी तापून वारंवार बंद-चालू होतो. दुपारी एक ते पाच नेट जाते आणि रात्री सुरळीत होते, अशी तक्रार आली की मी आधी डब्याला हात लावून पाहतो. त्याला सावलीत, हवा खेळेल अशा ठिकाणी आणावे, पण कूलरच्या झोतात ठेवू नये, कारण ती दमट हवा जोडण्यांवर गंज आणते.

कॅमेऱ्याची तक्रार असेल, तर डीव्हीआरचा घरातला पत्ता बदलला आहे का, ते पाहावे. वीज जाऊन आली की राऊटर उपकरणांना नव्याने पत्ते वाटतो, आणि पोर्ट फॉरवर्डिंगची जुनी नोंद रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवत राहते. राऊटरमध्ये डीव्हीआरसाठी पत्ता राखून ठेवल्यास हा त्रास कायमचा मिटतो. बाहेरून दिसते का, हे तपासताना मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरूनच पाहावे. अनेक राऊटर घरातूनच आपल्या बाहेरच्या पत्त्यावर परत येऊ देत नाहीत, त्यामुळे घरात बसून केलेली चाचणी विनाकारण नापास होते आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो.

दोन पत्ते जुळवून पाहणे

ही सर्वांत महत्त्वाची तपासणी आहे आणि तिला दोन मिनिटे लागतात. राऊटरच्या पानावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखाली दिसणारा आयपी पत्ता लिहून घ्यावा. मग त्याच जोडणीवरून ब्राउझरमध्ये, आपला सार्वजनिक आयपी पत्ता दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर जाऊन तो दुसरा पत्ता लिहून घ्यावा. पडद्यावर हे आकडे इंग्रजी अंकांत दिसतील. त्या वेळी मोबाइल डेटा आणि व्हीपीएन (नेटचा प्रवाह दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बंद असावेत, नाहीतर तुलना चुकते.

दोन्ही पत्ते सारखे असतील, तर तुमच्याकडे खरा सार्वजनिक पत्ता आहे आणि दोष पुढच्या टप्प्यात शोधावा लागेल. वेगळे असतील, तर राऊटरवरचा पत्ता नीट वाचावा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा घरातच दोन राऊटर एकामागोमाग लागलेले आहेत: कंपनीचा ओएनटी स्वतः राऊटरचे काम करतो आहे आणि त्याच्यामागे तुम्ही विकत घेतलेला राऊटर आहे. याला दुहेरी नॅट म्हणतात आणि तो सेवादात्याचा निर्बंध नव्हे. अशा वेळी आपल्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट पद्धतीत (फक्त वाय-फाय पसरवण्यापुरते) टाकावे, किंवा ओएनटी ब्रिज पद्धतीत (राऊटरचे काम न करता जोडणी नुसती पुढे देईल असा) करून देण्याची विनंती करावी, आणि मग तुलना पुन्हा करावी.

पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, यात शंका नाही. काही लहान सेवादाते याच कामासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात.

सीजीनॅट म्हणजे काय, हे आपल्याकडच्या फ्लॅट स्कीमच्या उदाहरणाने समजते. समजा, शंभर फ्लॅटच्या स्कीमला टपाल खात्याने एकच पत्ता दिला आहे आणि फ्लॅट क्रमांक फक्त फाटकावरच्या चौकीदाराच्या वहीत आहेत. आतल्या माणसाने काही मागवले, तर चौकीदार वहीत नोंद करतो आणि आलेले पार्सल बरोबर त्या फ्लॅटला पोहोचवतो. परंतु कोणी न मागवलेले पार्सल आले, तर ते कोणाचे हे चौकीदाराला कळत नाही आणि तो ते परत पाठवतो. बाहेरून तुमचा कॅमेरा पाहू इच्छिणारा तुमचा मोबाइल हेच न मागवलेले पार्सल आहे. तुम्ही आपल्या फ्लॅटचे दार, म्हणजे राऊटरवरचा पोर्ट, कितीही उघडे ठेवले, तरी फाटक तुमच्या हातात नाही. शिवाय शेकडो घरे एकाच पत्त्यावरून बाहेर पडत असल्याने, त्यातल्या एखाद्याच्या संगणकाने उपद्रव केला की संकेतस्थळे सर्वांकडेच संशयाने पाहतात. यंत्रमानव नसल्याचा पुरावा वारंवार द्यावा लागतो, तो यामुळे.

सेवादाते हे खोडसाळपणे करत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले आणि आशिया-प्रशांत विभागात एप्रिल २०११ पासून मोजूनमापून वाटप सुरू झाले. २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा पट्टा खास या सामायिक वापरासाठी राखून ठेवण्यात आला. ज्या कंपन्या नंतर आल्या, त्यांच्याकडे प्रत्येक घराला स्वतंत्र पत्ता देण्याइतका साठाच नाही. माझी तक्रार सीजीनॅट वापरण्याबद्दल नाही. जोडणी विकताना ‘तुम्हाला बाहेरून कॅमेरे पाहायचे आहेत का’ हा एक प्रश्न विचारला जात नाही, याबद्दल ती आहे.

उपाय स्वस्तापासून महागापर्यंत असे आहेत. अलीकडच्या बहुतेक डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांत उत्पादकाची क्लाउड सोय असते, जिच्यासाठी उपकरणावरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपावा लागतो. यात कॅमेराच आतून बाहेर जोडणी करतो, म्हणजे पार्सल मागवणारा तोच ठरतो, आणि सीजीनॅट आड येत नाही. इतवारीच्या त्या दुकानात मी हेच केले. तिन्ही चिकटपट्ट्या काढून टाकल्या, कोड टिपला आणि पंधरा मिनिटांत दुकान मालकांच्या मोबाइलवर दिसू लागले.

ते जमत नसेल, तर आयपीची सहावी आवृत्ती तपासावी. अनेक सेवादाते ती देतात, पण राऊटरमध्ये ती बंद असते. तीत प्रत्येक उपकरणाला जगभर पोहोचण्याजोगा स्वतःचा पत्ता मिळतो. मात्र ती चालू केल्यावर राऊटरची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) चालूच ठेवावी आणि फक्त हव्या त्या उपकरणापुरती वाट उघडावी. संगणकाची बरी जाण असलेल्यांना वायरगार्ड किंवा टेलस्केलसारख्या साधनाने घर आणि मोबाइल यांच्यात खासगी बोगदा उभारता येतो, आणि माझ्या मते घरगुती वापरासाठी हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. शेवटचा पर्याय म्हणजे सेवादात्याकडून स्थिर सार्वजनिक पत्ता विकत घेणे. त्याचे शुल्क प्रत्येकाचे वेगळे असते आणि काही जण तो फक्त व्यावसायिक योजनेवर देतात. पैसे भरण्याआधी ‘हा पत्ता सार्वजनिक असेल आणि त्यावर बाहेरून येणाऱ्या जोडण्या चालतील’, असे लेखी उत्तर ई-मेलवर मागून घ्यावे. पैसे भरल्यावर वरची तुलना पुन्हा करावी, कारण पत्ता ‘स्थिर’ आहे पण सार्वजनिक नाही, असेही प्रकार मी पाहिले आहेत.

पत्ते जुळतात, तरी पोर्ट बंद

सार्वजनिक पत्ता असूनही काही ठरावीक पोर्ट सेवादात्याच्या पातळीवर बंद असू शकतात. हे ओळखण्याची सोपी रीत अशी की डीव्हीआरचा बाहेरचा पोर्ट ८० किंवा ४४३ वरून बदलून दहा हजारांच्या वरचा एखादा क्रमांक द्यावा आणि पुन्हा तपासावे. नवा क्रमांक चालला, तर अडथळा त्या ठरावीक पोर्टांपुरता आहे आणि काम झाले आहे.

पोर्ट बंद ठेवण्यामागे बहुधा रास्त कारण असते. २५ क्रमांकाचा पोर्ट निरुपयोगी मेलचा लोंढा थांबवण्यासाठी बंद ठेवतात, म्हणून मेल पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ वापरावा. ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला होता. तो पोर्ट उघडून मागण्याचा आग्रह कोणत्याही घराने धरू नये. आणि डीव्हीआरचा पोर्ट इंटरनेटवर उघडण्याआधी हेही आठवावे की २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआरच लाखोंच्या संख्येने ताब्यात घेतले होते. पासवर्ड बदलल्याशिवाय मी कोणाकडेही पोर्ट उघडून देत नाही, मग ग्राहक नाराज झाला तरी चालेल.

स्वतःचा राऊटर चालत नसेल तर

नवा राऊटर लावल्यावर नेट येत नसेल, तर बहुधा सेवादात्याने जोडणी जुन्या राऊटरच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे कारखान्यातून आलेल्या त्याच्या ओळख क्रमांकाशी, बांधलेली असते. ग्राहक सेवेला फोन करून ‘मॅक रीसेट करून द्या’ एवढेच सांगावे, दहा मिनिटांचे काम आहे. जोडणी पीपीपीओई पद्धतीची, म्हणजे नाव-पासवर्ड भरून सुरू होणारी, असेल, तर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्डही त्याच फोनवर मागून घ्यावेत. काही ठिकाणी व्हीलॅन क्रमांकही (कंपनीच्या जाळ्यातला आपल्या वाटेचा क्रमांक) भरावा लागतो, आणि तो नसेल तर बाकी सगळे बरोबर असूनही जोडणी होत नाही.

केलेल्या सेटिंग नाहीशा होत असतील, तर कारण वेगळे आहे. सेवादाता आपल्या ओएनटीचे नियंत्रण टीआर-०६९ नावाच्या दूरस्थ व्यवस्थेतून करतो आणि अपडेट पाठवताना स्वतःची सेटिंग पुन्हा बसवतो. त्यामुळे कंपनीच्या डब्यात केलेल्या बदलांवर विसंबून राहू नये. डबा ब्रिज पद्धतीत करून घ्यावा आणि सर्व सेटिंग स्वतःच्या राऊटरमध्ये ठेवाव्यात. ओएनटीचा गुप्त पासवर्ड शोधून आत शिरण्याच्या युक्त्या इंटरनेटवर फिरतात. तो डबा बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मालकीचा असतो, एक चुकीची नोंद झाली तर जोडणी पूर्ण बंद पडते आणि नंतर कंपनीकडे जाताना आपली बाजू लंगडी होते, म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

एखादीच सेवा मंद असेल तर

ही तपासणी सर्वांत अवघड आहे, कारण येथे घाईने निष्कर्ष काढणे सोपे असते. रात्री आठ ते अकरा सर्वच जण नेटवर असतात आणि त्या सेवेकडे जाणारा मार्ग नुसता गर्दीने भरलेला असू शकतो. गती मोजणारे सर्व्हर बरेचदा सेवादात्याच्याच जाळ्यात असतात, म्हणून तेथे दिसणारा उत्तम आकडा काहीच सिद्ध करत नाही. तारेने जोडून, त्याच सेवेची गती सकाळी, दुपारी आणि रात्री, असे किमान चार-पाच दिवस मोजावे. प्रत्येक वेळी तीच चाचणी व्हीपीएन लावून आणि दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावरूनही करावी आणि वेळेसह वहीत लिहावी. व्हीपीएन लावताच प्रत्येक वेळी, पहाटेसुद्धा, गती ठळकपणे सुधारत असेल, तरच संशयाला आधार आहे.

संशय खरा ठरला, तर तो गंभीर मामला आहे. ८ फेब्रुवारी २०१६ च्या ट्रायच्या विनियमाने मजकुरानुसार वेगळा दर आकारण्यास मनाई केली, आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व मान्य केले, ज्यानुसार सेवादात्याला एखादा मजकूर अडवता, मंदावता किंवा झुकते माप देऊन पुढे करता येत नाही. मर्यादा संपल्यावर सर्वच वापर मंदावणे वेगळे आणि एकाच सेवेचा गळा आवळणे वेगळे. मात्र शासनाच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने बंद असलेले संकेतस्थळ उघडत नसेल, तर तो सेवादात्याचा दोष नाही आणि त्यावर वेळ घालवू नये.

येथे थांबावे

ओएनटीवरचा ‘लॉस’ दिवा लाल झाला असेल, तर वरची एकही तपासणी करू नये, कारण प्रकाशच पोहोचत नाही. फायबरचे टोक काढून त्यात डोकावू नये. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. तंत्रज्ञ आल्यावर ऑप्टिकल पॉवरचा आकडा विचारून लिहून घ्यावा. सर्वसाधारणपणे तो उणे आठ ते उणे सत्तावीस डीबीएम यांच्या दरम्यान असावा, आणि उणे सत्तावीसच्या पलीकडे असेल तर वळलेली किंवा खराब सांध्याची तार बदलून मागावी. आपल्याकडे नेटच्या तारा बऱ्याच गल्ल्यांत महावितरणच्या खांबांवरूनच नेलेल्या असतात. पावसाळ्यात लोंबणारी तार बांधायला कोणीही स्वतः शिडी लावू नये. ते काम कंपनीच्या माणसाचेच आहे, मग त्याला यायला दोन दिवस लागले तरी. अंबाझरीच्या सप्टेंबर २०२३ च्या पुरासारखे पाणी घरात शिरले असेल, तर मुख्य स्विच बंद करून वीजतंत्री येईपर्यंत कोणत्याही डब्याला हात लावू नये.

कागदावरच्या बाजूलाही थांबण्याची एक जागा आहे. सीजीनॅट, बंद पोर्ट किंवा उतरवलेली गती हे एकदा निश्चित झाले, की राऊटरमध्ये आणखी खटपट करण्यात अर्थ नाही. घरी येणाऱ्या कंपनीच्या मुलाला, किंवा गल्लीतल्या केबलवाल्याला, तोंडी सांगून काही होत नाही, कारण त्याच्या हातात ते नसते. ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवावी आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. ठरलेल्या मुदतीत निवारण झाले नाही, तर २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, म्हणून तिकडे अर्ज पाठवून महिने घालवू नयेत. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचे दार आहे, जेथे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

तक्रारीसोबत काय जोडावे, तर योजनेच्या अटींचे पान, या महिन्याच्या वापराचे पान, दोन्ही आयपी पत्त्यांची तारीख-वेळेसह छायाचित्रे आणि चाचण्यांची वही. मानेवाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने अशी वही बावीस दिवस ठेवली होती, निळ्या शाईत, रेघा आखून, दिवसातून तीन नोंदी. डॉकेटच्या दोन फोनांवर ‘तुमच्या वाय-फायचा दोष आहे’ एवढेच उत्तर मिळाले होते. अपिलासोबत त्या वहीची पाने गेल्यावर कंपनीने तारेने केलेल्या मोजणीचे आकडे मान्य केले, त्यांच्या भागातला भरून गेलेला मार्ग बदलून दिला आणि त्या महिन्याच्या भाड्यातून सूट दिली.